चर्पने सिंक करताना आधी टायमिंग की आधी फ्रिक्वेन्सी?

प्रश्न थोडक्यात असा: आरटीएल-एसडीआर डोंगलवर (यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ ग्राहक) ८६५ मेगाहर्ट्झ पट्ट्यातला लोरा (दूर पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) सिग्नल रेकॉर्ड केला आहे. अप-चर्पशी (एकसारखी वर चढत जाणारी फ्रिक्वेन्सी) कोरिलेशन केलं, म्हणजे त्या नमुन्याशी जुळवून पाहिलं, की शिखर छान टोकदार येतं. पण ते शिखर म्हणजे सिम्बॉलची सुरुवात असं धरलं की पुढचा डेटा चुकतो, आणि डोंगल तापला की तेच शिखर आणखी सरकतं. मग आधी टायमिंग काढायचं की आधी फ्रिक्वेन्सी?

एकट्या अप-चर्पवरून दोन्ही निघत नाहीत. शिखराची जागा ही टायमिंगची चूक आणि फ्रिक्वेन्सीची चूक यांची बेरीज असते, आणि एका बेरजेवरून दोन आकडे कोणालाच काढता येत नाहीत. उलट्या उताराचा, म्हणजे डाउन-चर्पचा दुसरा आकडा मिळाला की दोन्ही सुटतात. लोराच्या प्रीअँबलनंतर (पॅकेटच्या सुरुवातीचे एकसारखे अप-चर्प) सव्वादोन डाउन-चर्प ठेवलेले असतात ते याचसाठी.

आधी हिशेब. एसएफ७ (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, सिम्बॉलमधल्या चिप म्हणजे २ चा तेवढा घात) आणि १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ धरू. सिम्बॉलमध्ये १२८ चिप (म्हणजे वेळेचे छोटे तुकडे), चिप ८ मायक्रोसेकंदांची, सिम्बॉल १.०२४ मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात फ्रिक्वेन्सी १२५ किलोहर्ट्झ चढते, म्हणजे उतार साधारण १२२ हर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद. आलेला सिग्नल स्थानिक डाउन-चर्पने गुणला (यालाच डिचर्प म्हणतात) की चढ निघून जातो आणि एक स्थिर टोन उरतो. त्याची एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) घेतली की एका बिनमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका खणात, शिखर. आता तुमची विंडो (एफएफटीसाठी घेतलेला एका सिम्बॉलएवढा तुकडा) ८ मायक्रोसेकंद उशिरा सुरू झाली तर टोन ९७७ हर्ट्झने वर जाईल, म्हणजे एक बिन. आणि विंडो अचूक असून क्रिस्टलमुळे सिग्नलच ९७७ हर्ट्झ वर असेल तरीही एकच बिन. एफएफटीला या दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही.

एसएफ वाढला की हे गणित फारच झोंबतं. ७ किलोहर्ट्झचा फ्रिक्वेन्सी ऑफसेट एसएफ७ मध्ये ५७ मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे सुमारे ७ चिपांच्या टायमिंग चुकीसारखा दिसतो. एसएफ१२ मध्ये सिम्बॉल ३२.७६८ मिलिसेकंदांचा आणि उतार फक्त ३.८ हर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद, म्हणून तोच ऑफसेट १.८ मिलिसेकंदांची, जवळजवळ २३० चिपांची चूक बनून येतो. डोंगल तापल्यावर तुमचं शिखर सरकलं ते यामुळेच. वेळ तिथेच होती, फ्रिक्वेन्सी हलली.

असं असेल तर चर्प वापरायचाच कशाला, साधा पीएन क्रम (यादृच्छिक भासणारा ठरलेला बिटांचा क्रम) का नको? कारण पीएन क्रम फ्रिक्वेन्सी ऑफसेटने सरकत नाही, तो बुडतो. १.०२४ मिलिसेकंदांच्या क्रमाचं कोरिलेशन ९७७ हर्ट्झ ऑफसेटला शून्यावर जातं. ७ किलोहर्ट्झ ऑफसेट असेल तर पाचशे-पाचशे हर्ट्झच्या पायऱ्यांनी सगळ्या शक्यता तपासत बसावं लागतं, तेही प्रत्येक टायमिंगसाठी. चर्पचं शिखर तेवढ्याच ऑफसेटला जवळपास पूर्ण उंचीचं राहतं, फक्त जागा बदलतं. एका एफएफटीत सिग्नल आहे की नाही ते कळतं, आणि नेमका कुठे आहे हे नंतर निवांत सोडवता येतं. स्वस्त क्रिस्टल असलेल्या यंत्रांसाठी हा सौदा उत्तम आहे.

आता प्रत्यक्ष साखळी. भारतात लोरावॅनच्या (लोरावर चालणाऱ्या जाळ्यांच्या) आयएन८६५ योजनेचे मूळ तीन चॅनल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. मधला पकडायचा तर डोंगल थेट ८६५.४०२५ वर लावू नका, ठीक मध्यावर डीसीचा खांब (ग्राहकाने स्वतःच तयार केलेलं खोटं शिखर) उभा राहतो. ८६५.१५२५ वर लावा, १ मेगासॅम्पल प्रति सेकंद घ्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये २५० किलोहर्ट्झने खाली आणा. नंतर लो-पास फिल्टर, मग चारने डेसिमेशन, म्हणजे दर चार सॅम्पलमधला एकच ठेवायचा. हाती २५० किलोसॅम्पल प्रति सेकंद उरतात, म्हणजे दर चिपला दोन सॅम्पल.

फिल्टरची कड ६२.५ किलोहर्ट्झवर ठेवण्याची चूक सर्रास होते. बँडविड्थ १२५ आहे म्हणून अर्धी, इतका सरळ विचार. पण फ्रिक्वेन्सी अजून दुरुस्त झालेली नाही. प्रेषक आणि ग्राहक दोघांचे क्रिस्टल प्रत्येकी १० पीपीएमचे (दहा लाखांत दहा भाग चूक) असले तर ८६५ मेगाहर्ट्झवर फरक १७ किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि चर्पचा एक कोपरा फिल्टरमध्ये कापला जातो. कड ९० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा, दुरुस्ती झाल्यावर हवी तर आवळा. पॅकेटला वेळेची मोहोर लावायची असेल तर फिल्टरचा विलंब वजा करायला विसरू नका. १ मेगासॅम्पलवर १०१ टॅपचा सममित फिल्टर ५० मायक्रोसेकंद खातो. गेन हाताने ठरवा, ऑटो गेन बंद ठेवा, नाहीतर प्रीअँबलचे पहिले एक-दोन चर्प गेन स्थिरावण्यातच जातात.

ओव्हरसॅम्पलिंग केल्यावर आणखी एक सापळा आहे. विंडो चर्पच्या मध्येच सुरू झाली की तिच्यात एका चर्पचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात येते. डिचर्प केल्यावर एकाऐवजी दोन टोन दिसतात, एकमेकांपासून नेमके १२५ किलोहर्ट्झ दूर. चिपमागे एकच सॅम्पल असता तर दोन्ही एकाच बिनवर येऊन पडले असते, दोन सॅम्पल असल्यामुळे वेगळे दिसतात. विंडो बरोबर मध्यावर कापली गेली तर प्रत्येक शिखर निम्म्या उंचीचं, म्हणजे पॉवरमध्ये ६ डेसिबल कमी. उपाय सोपा: १२८ बिनांच्या अंतरावरच्या दोन बिनांचे मॅग्निट्यूड बेरजेला घ्या आणि मग शिखर शोधा. ‘कधी पॅकेट सापडतं, कधी नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच गोष्ट निघते, कारण विंडो कुठे पडेल हा दर पॅकेटला नशिबाचा भाग.

चिपमागे एकच सॅम्पल ठेवून यातून सुटका होईल असं वाटेल, पण होत नाही. तिथे सॅम्पलिंग अर्ध्या चिपने सरकलेलं असेल तर डेटा सिम्बॉलमध्ये (तो मधल्याच फ्रिक्वेन्सीपासून सुरू होणारा चर्प असतो) फ्रिक्वेन्सी वरून खाली गुंडाळली जाते त्या जागी फेज १८० अंशांनी उलटतो. गुंडाळी सिम्बॉलच्या मध्यावर आली की शिखर दुभंगतं आणि जिथे ते हवं तिथेच खड्डा पडतो.

शिखर खरं की गोंगाटाचं, यासाठी शिखराची पॉवर भागिले बाकी बिनांची सरासरी पॉवर हा निकष घ्या. नुसत्या गोंगाटात एखादा बिन सरासरीच्या १० पट जाण्याची शक्यता साधारण एक लाखात साडेचार, म्हणजे १२८ बिनांच्या विंडोत अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त. एसएफ७ ला हे चालतं. एसएफ१२ ला ४०९६ बिन असल्यामुळे तीच शक्यता १७ टक्क्यांवर जाते, म्हणून तिथे उंबरठा १५ पट करा. (वरची मॅग्निट्यूडची बेरीज घेत असाल तर गोंगाटाचं वितरण बदलतं, उंबरठा एकदा रिकाम्या रेकॉर्डिंगवर तपासून घ्या.) शिवाय लागोपाठ चार विंडोंत शिखर त्याच बिनला, फार तर एका बिनच्या फरकाने आलं पाहिजे. ही दुसरी अट पहिलीपेक्षा कितीतरी कडक आहे, खोटे अलार्म खरं तर तीच अडवते.

आता मुख्य भाग. अप-चर्पचा बिन ‘अ’, डाउन-चर्पचा बिन ‘ड’, फ्रिक्वेन्सी ऑफसेट ‘फ’ बिन, आणि विंडो ‘व’ चिप उशिरा आहे असं धरा. मग

अ = फ + व
ड = फ − व

दोन्ही १२८ च्या चक्रात (१२८ झाले की पुन्हा शून्यापासून). बेरीज केली की व जातो आणि २फ उरतो. चक्रातल्या संख्येला दोनने भागलं की दोन उत्तरं येतात, एकमेकांपासून ६४ बिन दूर. म्हणून फ ची खात्रीची कक्षा −३२ ते +३२ बिन, म्हणजे बँडविड्थच्या पावपट, ±३१.२५ किलोहर्ट्झ. एसएफ कितीही असला तरी हर्ट्झमध्ये ही कक्षा तेवढीच.

उदाहरण घ्या: अ ४७ आला, ड ९५ आला. बेरीज १४२, निम्मे ७१. कक्षेबाहेर आहे म्हणून ६४ वजा करा, फ = ७, म्हणजे ६८३६ हर्ट्झ, ८६५ मेगाहर्ट्झवर ७.९ पीपीएम. शक्य कोटीतला आकडा. मग व साठी वजाबाकी करून पुन्हा दोनने भागू नका, तिथेही तीच संदिग्धता येईल. सरळ व = अ − फ = ४० घ्या. विंडो ४० चिप मागे न्या, झालं.

इथेच जुन्या डोंगलचा प्रश्न येतो. तापमान-भरपाई नसलेल्या क्रिस्टलच्या डोंगलमध्ये ५० पीपीएमची चूक नवलाची नाही. ८६५ मेगाहर्ट्झवर ती ४३ किलोहर्ट्झ होते, म्हणजे कक्षेच्या बाहेर. फ मग ६४ बिनांनी चुकतो आणि वर अगदी साळसूद आकडा दिसतो. म्हणून डोंगलची पीपीएम दुरुस्ती आधीच एकदा ढोबळमानाने बसवून घ्या, तीही डोंगल पंधरा-वीस मिनिटं चालून गरम झाल्यावर. १ पीपीएमच्या टीसीएक्सओ (तापमान-भरपाई असलेला क्रिस्टल) असलेल्या डोंगलला याची गरज पडत नाही.

प्रत्यक्षात सोयीचा क्रम थोडा वेगळा आहे. अप-चर्प सापडले की लगेच विंडो ‘अ’ चिप मागे न्या, शिखर बिन शून्यावर येईल. ही जागा खरी सुरुवात नाही, तिच्यात फ एवढी चूक मुद्दाम भरलेली आहे. पण फायदा असा की यानंतरचे दोन सिंक सिम्बॉल (जाळं ओळखण्याची खूण) थेट वाचता येतात, फ अजून माहीत नसतानाही. सार्वजनिक लोरावॅनचा सिंक शब्द हेक्स ३४, म्हणजे बिन २४ आणि ३२. खाजगी जाळ्याचा हेक्स १२, म्हणजे बिन ८ आणि १६. हे आकडे दिसले तर पुढे जा, नाहीतर पॅकेट सोडून द्या. त्यानंतरच्या डाउन-चर्पच्या विंडोत शिखर थेट २फ वर येतं. निम्मं केलं की फ, आणि विंडो आता फ चिप पुढे सरकवली की खरी सुरुवात.

डाउन-चर्प दोन पूर्ण असण्याला कारण आहे. विंडो कशीही पडलेली असली तरी दोन सिम्बॉलांच्या लांबीत एक अख्खी विंडो बसतेच. त्यामुळे दोन-तीन विंडोंपैकी ज्या विंडोत शिखर सगळ्यात उंच, तीच घ्या. दोन्हींची सरासरी काढायला गेलात तर दुसरीत हेडरचा तुकडा मिसळलेला असू शकतो. आणि त्या सव्वादोनातला पाव विसरला की हेडर ३२ चिपांनी चुकतो. सगळे बिन सारख्याच फरकाने चुकलेले दिसतात आणि माणूस फ्रिक्वेन्सीला दोष देत बसतो.

अपूर्णांकाशिवाय काम अर्धवट आहे. फ = ७.३ असेल तर वरच्या पद्धतीने ७ मिळेल, उरलेला ०.३ डेटाचं शिखर शेजारच्या बिनकडे ओढत राहील. सुदैवाने फ चा अपूर्णांक टायमिंगपासून वेगळा मिळतो. लागोपाठचे अप-चर्प एकसारखे असतात, विंडो सगळ्यांवर सारखीच सरकलेली असते, म्हणून शिखर-बिनचा फेज एका विंडोतून दुसरीत जितका फिरतो तो फक्त फ्रिक्वेन्सीमुळे. फेजचा फरक भागिले ३६० अंश म्हणजे अपूर्णांक. कोनांची सरासरी काढू नका. प्रत्येक विंडोचं कॉम्प्लेक्स मूल्य आधीच्या विंडोच्या कॉन्जुगेटने (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं केलेलं मूल्य) गुणा, सगळे गुणाकार बेरजेला घ्या, आणि शेवटी एकदाच कोन काढा. नाहीतर +१७९ आणि −१७९ अंशांची सरासरी शून्य येते.

क्रम असा ठेवा: आधी फ चा अपूर्णांक, त्याची दुरुस्ती लावून एफएफटी पुन्हा, मग झिरो-पॅडिंग करून (शेवटी शून्यं जोडून एफएफटी लांबवायची, चारपट पुरतं) शिखराची बिनच्या आतली जागा, तो व चा अपूर्णांक, आणि सगळ्यात शेवटी डाउन-चर्पने पूर्णांक. शिखराची जागा पूर्णांकात गोल करून मग बेरीज केली तर व चा अपूर्णांक अर्ध्याजवळ असताना अ + ड विषम येते आणि फ अर्ध्या बिनवर अडकतो. गोल शेवटी करा.

पुढचा चोर म्हणजे सॅम्पलिंग घड्याळाचा फरक. लोराच्या रेडिओ आयसीमध्ये आणि आरटीएल डोंगलमध्येही रेडिओचा लोकल ऑसिलेटर आणि सॅम्पलिंग घड्याळ एकाच क्रिस्टलवरून निघतात. म्हणून वेगळा अंदाज काढायची गरज नाही, फ वरून पीपीएम मिळालेलंच आहे. ८ किलोहर्ट्झ म्हणजे ९.२ पीपीएम. एसएफ१२ ला ४०९६ चिपांच्या सिम्बॉलमध्ये ०.०३८ चिपेचा घसरा, ५० सिम्बॉलांनंतर जवळजवळ दोन बिन. पॅकेटची सुरुवात नीट डिकोड होते आणि शेपूट बिघडते ते या घसऱ्याने. प्रेषकाची फ्रिक्वेन्सी तुमच्यापेक्षा जास्त असेल तर त्याचं घड्याळही जलद, त्याचे सिम्बॉल आखूड, म्हणून तुमची विंडो दर सिम्बॉलला थोडी आधी सुरू व्हायला हवी. घसरा साठवत जा, अर्धा सॅम्पल ओलांडला की एक सॅम्पल सोडा किंवा जोडा. एसएफ७ ला हा घसरा सिम्बॉलमागे ०.००१२ चिप, छोट्या पॅकेटसाठी दुर्लक्ष केलं तरी चालेल. मात्र तुमच्या ग्राहकाला रेडिओसाठी बाहेरचा ऑसिलेटर लावलेला असेल तर हा शॉर्टकट लागू होत नाही.

याच क्रिस्टलचा तापण्याने होणारा प्रवास वेगळा. एसएफ११ आणि एसएफ१२ ला १२५ किलोहर्ट्झवर सिम्बॉल १६ मिलिसेकंदांपेक्षा लांब असतो, म्हणून तिथे लो डेटा रेट ऑप्टिमायझेशन चालू ठेवतात: सिम्बॉलचे खालचे दोन बिट सोडून दिले जातात, म्हणजे एक-दोन बिनची चूक पचते. एसडीआर ग्राहक लिहिताना ही मोड ओळखली नाही तर सिंक परिपूर्ण असूनही आकडे कचरा येतात.

उपग्रहाकडून येणाऱ्या लोराला हेच सगळं लागू, फक्त आकडे मोठे. ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा डॉपलर ८६६ मेगाहर्ट्झवर क्षितिजाजवळ २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे अजून कक्षेत. त्रास देतो तो बदलाचा वेग. डोक्यावरून जाताना सेकंदाला अडीचशे-तीनशे हर्ट्झने फ्रिक्वेन्सी उतरते, एसएफ१२ ला सिम्बॉलमागे सुमारे ०.३ बिन. प्रीअँबलवर एकदा मोजून सोडून देणं तिथे पुरत नाही, प्रत्येक सिम्बॉलचं शिखर जवळच्या पूर्णांकापासून किती दूर आहे ते पाहून फ हलवत राहावं लागतं.

पाण्याखालच्या ध्वनी मोडेममध्ये तर रेषीय चर्पच अपुरा पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर, बोट सेकंदाला दीड मीटरने चालली तरी एक हजारांश फरक, म्हणजे १००० पीपीएम. ५ किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि ०.२ सेकंदाचा चर्प (गुणाकार १०००) इथेच शिखर पसरायला लागतं, कारण नुसती फ्रिक्वेन्सी सरकत नाही, उतारही बदलतो. तिथे हायपरबोलिक चर्प वापरतात. आवर्तकाल वेळेप्रमाणे सरळ रेषेत बदलत असल्यामुळे वेळ ताणली-आवळली तरी आकार तोच राहतो आणि शिखर टिकतं. सरकतं मात्र तेही, म्हणून चढ-उताराची जोडी तिथेही लागते.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. १२५ किलोहर्ट्झवर चिप ८ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या प्रवासात २.४ किलोमीटर. एका सिम्बॉलची ऊर्जा गोंगाटाच्या घनतेपेक्षा १६ डेसिबल वर असेल तर तात्त्विक मर्यादा अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास येते, दीडशे मीटर. आठ चर्पांची सरासरी ती आणखी कमी करेल, पण शहरातले परावर्तित मार्ग करू देणार नाहीत. परावर्तनाने अप आणि डाउन दोन्हींत सारखाच विलंब भरतो, त्यामुळे व बिघडतो पण बेरजेतून येणारा फ शाबूत राहतो. डेटा डिकोड करायला तेवढं पुरतं, जागा शोधायला नाही.

तरीही डेटा चुकत असेल तर माहीत असलेला पेलोड पाठवा आणि प्रत्येक सिम्बॉलचा मिळालेला बिन वजा अपेक्षित बिन असा आलेख काढा. सगळीकडे सारखा फरक दिसला तर फ किंवा सुरुवात चुकली आहे. फरक ३२ असेल तर तो पाव सिम्बॉल. सरळ रेषेत वाढत असेल तर घड्याळाचा घसरा, आणि दुरुस्ती लावल्यावर दुप्पट वेगाने वाढला तर चिन्ह उलटं आहे. वक्र दिसला तर क्रिस्टल तापतोय किंवा डॉपलर बदलतोय. मध्येच एका जागी पायरी पडून पुढे तसाच राहिला तर यूएसबीवर सॅम्पल हरवले आहेत, अल्गोरिदमला हात लावू नका, सॅम्पल रेट कमी करा.

आणि प्रीअँबलमध्ये अप-चर्प सापडतच नसतील, पण स्पेक्ट्रोग्रामवर उतरत्या रेषा स्वच्छ दिसत असतील, तर दोन शक्यता. एक तर आय आणि क्यू (कॉम्प्लेक्स सॅम्पलचे दोन भाग) यांची अदलाबदल झाली आहे. नाहीतर तुम्ही गेटवेकडून नोडकडे जाणारा डाउनलिंक पकडला आहे: लोरावॅनमध्ये तो मुद्दामच उलट्या आयक्यूने पाठवतात, म्हणजे नोडना एकमेकांचं आणि गेटवेना एकमेकांचं ऐकू येऊ नये. सॅम्पलचं कॉन्जुगेट घेतलं की वरची सगळी पद्धत तशीच चालते, फक्त निघालेल्या फ चं चिन्ह बदला, आणि घसऱ्याची दुरुस्ती त्या बदललेल्या चिन्हानेच लावा.